वार्धक्याचा हक्क आणि आपली खोटी प्रतिष्ठा



दरवर्षी एप्रिल महिन्यात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती आपण परदेशातही मोठ्या उत्साहाने साजरी करतो. सोयीचा रविवार पाहून सभागृह भाड्याने घेतले जाते. पहिल्या रांगेत आपल्या वृद्ध माता-पित्यांना सन्मानाने बसविले जाते. त्रिसरण-पंचशील होते, मेणबत्त्या प्रज्वलित होतात, ज्येष्ठांचा शाल व पुष्पगुच्छ देऊन सत्कार होतो, टाळ्यांचा कडकडाट होतो, छायाचित्रे निघतात. सोमवारी सकाळी साडेसहाला घरातील कर्ती माणसे ब्रिस्बेनच्या गाडीला पळतात, नातवंडे शाळेत जातात आणि काल शाल पांघरून बसलेली तीच आजी सायंकाळी सहापर्यंत दुमजली घरात एकटी उरते. ती जिना कशी उतरते, न्हाणीघरात कशाचा आधार घेते, दुपारी गरम जेवते की डब्यातले थंडच खाते, हे विचारणारी समिती आपल्या एकाही मंडळात आम्हांस आढळलेली नाही.

प्रस्तुत लेख सोमवारच्या त्या साडेअकरा तासांविषयी आहे. तो काहींना कडू लागेल. आम्ही व्यवसायाने वैद्यक असल्याने कडू औषध देण्याची आम्हांस सवय आहे. मात्र या खेपेस पहिला घोट आम्ही स्वतःच घेणार आहोत.

आम्ही राहतो ते स्प्रिंगफील्ड लेक्स हे इप्सविच शहराच्या हद्दीतील उपनगर. कागदावर आधी आखून मग वसविलेले. तळी, तळ्यांकाठच्या पायवाटा, शाळा, मैदाने, सारे काही देखणे आहे. २०१३ साली स्प्रिंगफील्ड सेंट्रलपर्यंत रेल्वे आली, २०१५ साली मेटरचे खाजगी रुग्णालय उघडले. वस्ती मुख्यतः तरुण कुटुंबांची, कर्जाच्या घरांची आणि दारात दोन मोटारी असणाऱ्यांची. अशा ठिकाणी म्हातारपण रस्त्यावर दिसत नाही, कारण ते घरात बसलेले असते. नागपूरच्या एखाद्या वस्तीत सकाळी दार उघडले नाही, तर शेजारीण येऊन कडी वाजविते. येथे कुंपणापलीकडच्या माणसाचे नाव ठाऊक नसते. ज्याला मोटार चालविता येत नाही आणि इंग्रजीत चार वाक्ये बोलता येत नाहीत, त्याच्या दृष्टीने हे सुंदर उपनगर म्हणजे तळ्याकाठचा एकांतवासच होय.

आमच्याच घरातील हकीगत

आमच्या मातोश्री आज सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेच्या सोहळ्यास त्या आपल्या वडिलांचे बोट धरून गेल्या होत्या. पुढे त्या शिकल्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे शिक्षिका होत्या. आमच्या वडिलांच्या निधनानंतर त्या कायमच्या वास्तव्यासाठी आमच्याकडे आल्या. काही वर्षांतच त्यांचे गुडघे धरले. त्यांचे औषधोपचार अर्थातच दुसरे डॉक्टर पाहतात. परंतु घरात डॉक्टर मुलगा असताना बाहेरची मदत कशाला मागायची, असा समज त्यांचाही होता आणि आमचाही. दोन वर्षे आम्ही साधा एक दूरध्वनी केला नाही. अखेर तो आमच्या पत्नीने केला.

मूल्यमापनासाठी एक बाई घरी आल्या. आईंनी त्या दिवशी पांढरेशुभ्र पातळ नेसले, केस नीट विंचरले आणि पाहुणी आली म्हणून ओट्याला धरून धरून स्वतः चहा केला. दुभाष्याचे काम आमच्याकडे होते. बाईंनी विचारले, ‘आंघोळ स्वतः करता का?’ आई म्हणाल्या, ‘हो, करते की.’ आम्ही इंग्रजीत म्हणालो, ‘काही अडचण नाही.’ बाईंनी जिन्याविषयी विचारले. आई म्हणाल्या, ‘सावकाश चढते, कधी मध्येच बसते.’ आम्ही म्हणालो, ‘चढतात.’ सावकाश हा शब्द आम्ही गाळला आणि मध्येच बसणेही गाळले. परक्या बाईसमोर आपल्या आईचा दुबळेपणा उघड करणे आमच्या जिवावर आले होते. परिणामी पंधरवड्यातून एकदा घरसफाई एवढीच मदत मंजूर झाली. चार महिन्यांनी भर दुपारी आई न्हाणीघरात पडल्या, मनगट मोडले आणि आम्ही परतेपर्यंत तीन तास त्या फरशीवर बसून होत्या. दूरध्वनी वरच्या मजल्यावर होता.

दुसऱ्या मूल्यमापनाच्या वेळी आम्ही खोलीबाहेर बसलो. दूरध्वनीवर मराठी दुभाषी होती. दाराबाहेरून आम्ही जे ऐकले, ते त्यांच्या डॉक्टर मुलाने त्या दिवशी प्रथमच ऐकले. लघवीला उठावे लागू नये म्हणून आई सकाळी नऊनंतर पाणी पीत नव्हत्या. लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी त्या केवळ शनिवार-रविवारी, आम्ही घरी असताना घेत होत्या. उरलेले पाच दिवस ती केराच्या टोपलीत जात होती. तोल जाईल या भीतीने आठवडाभर त्या ओल्या टॉवेलने अंग पुसत होत्या. रक्तदाब आटोक्यात का येत नाही, याचे कारण आम्ही तोवर लोणच्याच्या मिठात शोधत होतो.

या प्रकरणात दोष आमचा होता. आईंना मदतीची गरज आहे हे मान्य करणे म्हणजे आपण कमी पडलो असे मान्य करणे, हा आमचा अहंकार होता. हा अहंकार केवळ आमच्याच घरात आहे असे असते, तर आम्ही तो स्मरणिकेत मांडला नसता.

‘आमच्यात परक्याच्या हाती देत नाहीत’

घरपोच सेवांचा विषय काढला की पहिला आक्षेप येतो तो हा. आईवडिलांची सेवा मुलांनी करावी, परक्या माणसाने नव्हे. ही आपली संस्कृती आहे, असे सांगितले जाते. आमचा प्रश्न असा की, ही सेवा प्रत्यक्षात करते कोण? सिगालोवाद सुत्तात आईवडिलांचे पालनपोषण हे पुत्राचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. तेथे पुत्राचे म्हटले आहे, सुनेचे नव्हे. आपल्या घरांत मात्र सेवेचे पुण्य मुलाच्या नावावर जमा होते आणि कष्ट सुनेच्या वाट्याला येतात. नोकरीचे तास तीच कमी करते. तिचीच बढती थांबते. तिच्याच निवृत्तिनिधीत भर पडेनाशी होते. आज सासूसाठी घरी थांबलेली ही स्त्री उद्या स्वतःच्या म्हातारपणी हात रिकामे घेऊन बसणार आहे, याचा हिशोब कोणी मांडतो काय? ज्या कारणांसाठी बाबासाहेबांनी १९५१ साली कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यांत स्त्रियांना हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडविले जाणे हे एक प्रमुख कारण होते. त्यांच्या अनुयायांच्या घरात संस्कृतीच्या नावाखाली एका स्त्रीच्या श्रमावर साऱ्या घराची प्रतिष्ठा उभी राहावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

राहिला प्रश्न परक्याचा. विनयपिटकातील प्रसंग आपणांस ठाऊक आहे. अतिसाराने पीडित झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले व उचलून निजविले आणि मग संघाला जाब विचारला. येथे तुमची आई नाही, वडील नाहीत; तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा करावयाची, असा त्या उपदेशाचा आशय आहे. शुश्रूषेला रक्ताचे नाते लागत नाही, हा धम्माचा धडा आपण अडीच हजार वर्षांपूर्वीच शिकलेलो आहोत.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. वृद्धांना आंघोळ घालणे, त्यांची कपडे-चादर बदलणे हे काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना आपल्यातील काही जण ‘कामवाली’, ‘कामवाला’ म्हणून संबोधतात. गावाची घाण ज्यांच्या हातांनी काढविली आणि त्याच हातांना ज्यांनी अस्पृश्य ठरविले, त्या व्यवस्थेविरुद्ध आपले आजे-पणजे लढले. येथे या कामाचे रीतसर प्रशिक्षण आहे, प्रमाणपत्र आहे, वेतन आहे. सिगालोवाद सुत्तातच सेवकांना त्यांच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, वेळेवर वेतन व विश्रांती द्यावी, आजारात त्यांची काळजी घ्यावी, असे सांगितले आहे. आपल्या घरी येणाऱ्या सेविकेला खुर्ची द्या, चहा द्या आणि तिचे नाव नीट उच्चारा. धम्म तेथूनच सुरू होतो.

‘सरकारी मदत नको’

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, कारण तो जखमेतून आलेला आहे. आपल्या पिढीतील प्रत्येकाने महाविद्यालयात, वसतिगृहात, कचेरीत ‘सरकारी जावई’ हा टोमणा ऐकला आहे. आम्ही वैद्यकीय शिक्षण घेत असताना आमच्या गुणांपेक्षा आमच्या प्रवर्गाचीच चर्चा अधिक होत असे. परदेशात आल्यावर आपण मनोमन शपथ घेतली की आता कोणाकडून काही घ्यायचे नाही. ही शपथ समजण्यासारखी आहे. परंतु तिची किंमत आपण नव्हे, तर आपले आईवडील मोजीत आहेत.

वस्तुतः मदत आणि हक्क यांतील भेद बाबासाहेबांच्या अनुयायांना समजावून सांगण्याची वेळ येऊ नये. ज्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्या समितीच्या हातून आकारास आलेल्या भारतीय संविधानाचा अनुच्छेद ४१ काढून पाहा. बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता या अवस्थांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्कासाठी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत तरतूद करावी, असे तेथे सांगितले आहे. वार्धक्य हा शब्द संविधानात आहे आणि तो हक्काच्या शेजारी आहे. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयामार्फत त्याची अंमलबजावणी करून घेता येत नाही, ही त्याची मर्यादा. परंतु त्यामागील विचार भिकेचा नाही.

या देशाचा इतिहासही तपासावा. १९०८ साली ऑस्ट्रेलियाने वार्धक्य निवृत्तिवेतनाचा कायदा केला, तेव्हा या भूमीचे मूळ रहिवासी आणि आशियाई लोक यांना त्यातून वगळले होते. ती बंधने पुढे टप्प्याटप्प्याने दूर झाली. जो हक्क आपल्यासारख्यांना वंशावरून एकेकाळी नाकारला गेला होता, तो आज मिळत असताना आपण खोट्या प्रतिष्ठेपायी तो नाकारावा, याला स्वाभिमान म्हणता येईल काय? आपण येथे कर भरतो. त्याच करातून या सेवा चालतात.

१ नोव्हेंबर २०२५ पासून येथे ‘एज्ड केअर ॲक्ट २०२४’ हा नवा कायदा अमलात आला आहे. त्याच्या आरंभीच्या भागात वृद्धांच्या हक्कांचे निवेदन आहे. आपल्या जीवनाचे निर्णय स्वतः घेणे, सन्मानाने वागविले जाणे, आपल्या पसंतीच्या भाषेत बोलता यावे यासाठी दुभाषी मिळणे, या गोष्टी त्यात हक्क म्हणून नोंदल्या आहेत. हा कायदा आपोआप झाला नाही. २०१८ साली नेमलेल्या राजकीय चौकशी आयोगाने आपल्या २०१९ च्या अंतरिम अहवालाला ‘नेग्लेक्ट’, म्हणजे हेळसांड, असे एकशब्दी नाव दिले होते आणि २०२१ च्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी केल्या होत्या. वृद्धांनी, त्यांच्या मुलांनी व सेवकांनी उघडपणे दिलेल्या साक्षींतून तो कायदा आला. घरची गोष्ट घरात ठेवणाऱ्यांच्या मौनातून नव्हे.

वाट कोठून सुरू होते

केवळ टीका करून थांबणे हे वैद्याचे काम नव्हे. म्हणून वाट कशी आहे, ते थोडक्यात सांगतो.

वृद्धांच्या सरकारी अनुदानित सेवांचे दार एकच आहे व त्याचे नाव ‘माय एज्ड केअर’. दूरध्वनी क्रमांक १८०० २०० ४२२. पासष्ट वर्षांवरील व्यक्तीला, तर मूळ रहिवासी समाजातील पन्नास वर्षांवरील व्यक्तीला, गरज असल्यास येथे नाव नोंदविता येते. इंग्रजी येत नसल्यास प्रथम १३१ ४५० या क्रमांकावर शासकीय दुभाषी सेवेला दूरध्वनी करावा, ‘मराठी’ असे सांगावे आणि ‘माय एज्ड केअर’ला जोडून द्यावयास सांगावे. त्यासाठी पैसे पडत नाहीत. आपले कुटुंब-डॉक्टरही थेट शिफारस पाठवू शकतात. मेडिकेअर असलेल्या पंचाहत्तर वर्षांवरील व्यक्तीची वर्षातून एकदा सविस्तर आरोग्य तपासणी करून घेता येते. ती अवश्य मागावी, कारण रोजच्या दहा मिनिटांच्या भेटीत जिना आणि न्हाणीघर यांची चर्चा होत नाही.

नोंदणीनंतर मूल्यमापन होते. थोड्या गरजेसाठी ‘कॉमनवेल्थ होम सपोर्ट प्रोग्राम’ आहे. त्यात घरसफाई, तयार जेवण, वाहनाची सोय, गटात मिसळण्याचे कार्यक्रम, न्हाणीघरात आधाराचे दांडे बसविणे अशा गोष्टी येतात. अधिक व सततच्या गरजेसाठी नोव्हेंबर २०२५ पासून ‘सपोर्ट ॲट होम’ ही योजना आहे. तिच्या आठ श्रेणी असून दर तिमाहीला खर्चाची रक्कम ठरते. परिचारिका, फिजिओथेरपी यांसारख्या वैद्यकीय सेवांचे शुल्क वृद्धाला द्यावे लागत नाही; इतर सेवांमध्ये मिळकतीप्रमाणे वाटा द्यावा लागतो. मिळकतीचा तपशील ‘सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया’कडे दिला नाही, तर सर्वाधिक दराने आकारणी होऊ शकते. तेव्हा तो कागद टाळू नये.

येथे एक घातक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वार्धक्य निवृत्तिवेतनासाठी सामान्यतः दहा वर्षांचे वास्तव्य लागते. यावरून आपल्या अनेक कुटुंबांनी असा अर्थ काढला आहे की, दहा वर्षे होईपर्यंत काहीच मिळत नाही. हे चूक आहे. घरपोच सेवा गरजेवर ठरतात. त्यांसाठी निवृत्तिवेतन चालू असण्याची अट नाही. आमच्या आईंना आजही निवृत्तिवेतन नाही, सेवा मात्र आहे. मूल्यमापनासाठी दूरध्वनी केल्याने कोणाच्या हमीपत्राची ठेव बुडत नाही.

रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वी तेथील समाजसेवकाला भेटल्याशिवाय निघू नका. रुग्णालयानंतर सामान्यतः बारा आठवड्यांपर्यंत मिळू शकणारी ‘ट्रान्झिशन केअर’ नावाची सोय आहे. तिची मंजुरी रुग्णालयात असतानाच घ्यावी लागते. प्रकृती ढासळली की पुनर्मूल्यमापन मागता येते. एकदा मिळालेला निकाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. ज्यांना मदत करणारे कोणीच नाही, त्यांच्यासाठी जानेवारी २०२३ पासून ‘केअर फाइंडर’ ही विनामूल्य सेवा आहे. सेवेबाबत अन्याय झाल्यास वृद्धांच्या वतीने बोलणाऱ्या ‘ओपन’ या संस्थेचा क्रमांक १८०० ७०० ६०० आहे.

ही वाट सोपी आहे, असा दावा आम्ही करीत नाही. ती लांब आहे, कागदांनी भरलेली आहे आणि इंग्रजीत विचार करणाऱ्यांनी इंग्रजीत विचार करणाऱ्यांसाठी बांधलेली आहे. २०२५ साली मंजूर झालेल्या सेवेची वाट पाहणाऱ्या वृद्धांची संख्या एक लाखाहून अधिक होती. शासनाच्या या दिरंगाईचा निषेध झालाच पाहिजे. परंतु रांग लांब आहे याचा अर्थ तीत लवकर उभे राहावे असा होतो. आपण मात्र हाड मोडल्यावर रांगेत उभे राहतो आणि मग रांगेला शिव्या देतो.

पाच गुणांची मराठी

दुभाष्याबद्दल अधिक लिहिणे भाग आहे. आपल्या तरुणांपैकी अनेकांनी कायम वास्तव्याच्या अर्जासाठी पाच गुण मिळावेत म्हणून मराठीची सी.सी.एल. परीक्षा दिली. त्यासाठी त्यांनी महिनोन्महिने संवाद पाठ केले, डॉक्टर आणि रुग्ण यांच्या काल्पनिक संभाषणांचे अचूक भाषांतर केले, एक शब्द गळाला तर गुण जातो म्हणून धास्ती घेतली. व्हिसा मिळाला आणि ती मराठी कपाटात गेली. पाच गुणांसाठी जी अचूकता आपण पाळली, तिच्या निम्मीसुद्धा आपण आपल्या आईच्या शब्दांसाठी पाळत नाही. आम्ही स्वतः ‘सावकाश’ हा शब्द गाळला होता, हे वर सांगितलेच आहे.

म्हणून आमचा आग्रह आहे की, मूल्यमापनाच्या वेळी मुलाने वा सुनेने दुभाष्याचे काम करू नये. दुभाषी मागून घ्यावा. स्त्री हवी असल्यास तसे सांगावे. आडनाव ऐकून मन मोकळे होणार नाही अशी आपल्या वृद्धांची भीती असते आणि ती निराधार नाही; तेव्हा दूरध्वनीवरील दुभाष्याला नाव कळविण्याचा आग्रह धरू नये आणि पटले नाही तर दुसरा दुभाषी मागावा. मूल्यमापनाच्या आधी आठवडाभर वृद्धांनी वहीत रोजच्या अडचणी लिहाव्यात वा सांगून लिहून घ्याव्यात, आणि चांगल्या दिवसाचे नव्हे, तर वाईट दिवसाचे वर्णन करावे. पाहुणचार, इस्त्रीचे पातळ आणि ‘सगळं ठीक आहे’ हे तीन शत्रू त्या दिवशी घराबाहेर ठेवावेत. स्मृतिभ्रंश जडलेल्या माणसाची नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी जाते व मायबोली मागे उरते. आज ज्यांना कामचलाऊ इंग्रजी येते, त्यांच्याही बाबतीत ही तजवीज लागणार आहे. आणि बंधू-भगिनींनो, त्या यादीत उद्या आपलेही नाव आहे.

पाहुणे आईबाप

ज्यांचे आईवडील कायमचे रहिवासी नाहीत, त्यांची स्थिती निराळी आहे. २०१९ पासून असलेल्या तात्पुरत्या पालक व्हिसावर तीन किंवा पाच वर्षे, आणि एकूण जास्तीत जास्त दहा वर्षे राहता येते. मेडिकेअर मिळत नाही, खाजगी आरोग्य विमा घ्यावा लागतो. भेटीसाठी आलेल्यांकरिता तर वर सांगितलेल्या सेवा नाहीतच. तरीही नातवंडाचा जन्म झाला की आपण सत्तरीच्या आईला बोलावून घेतो, तिच्या हाती बाळ देतो आणि कामावर जातो. वर्षभर ती उठते, बसते, उचलते, शिजविते. गुडघे सुजले की विम्याच्या अटी पाहिल्या जातात आणि मग परतीचे तिकीट काढले जाते. आजी म्हणजे फुकटचे पाळणाघर नव्हे, हे कोणीतरी कोणाच्या तरी तोंडावर सांगायला हवे होते. आम्ही येथे छापून सांगत आहोत. ज्यांना बोलवाल त्यांचा विमा पुरेसा घ्या, त्यांच्या कामाचे तास ठरवा आणि आठवड्यातून दोन दिवस त्यांना त्यांच्या वयाची माणसे भेटतील अशी सोय करा.

मंडळांनी काय करावे

आपल्या मंडळांनी शिष्यवृत्त्या दिल्या, पुतळ्यांना देणग्या दिल्या, मायदेशातील पूरग्रस्तांना मदत पाठविली. हे सर्व स्तुत्यच आहे. परंतु स्वतःच्या उपनगरातील वृद्धांची साधी यादी आपल्याकडे नाही. सबब येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही तीन मागण्या ठेवीत आहोत.

एक. प्रत्येक उपनगरातील आपल्या वृद्धांची, त्यांच्या संमतीने, नोंद करावी आणि दोन स्वयंसेवकांनी दर आठवड्यास त्यांना दूरध्वनी करावा. पहिला दूरध्वनी कसा करायचा, अर्ज कसा भरायचा, हे या स्वयंसेवकांनी शिकून घ्यावे. ज्यांनी सी.सी.एल. उत्तीर्ण केली आहे त्यांनी या कामासाठी वर्षातून दहा तास द्यावेत. पाच गुणांचे ऋण फेडण्याची याहून चांगली संधी मिळणार नाही.

दोन. महिन्यातून दोनदा, रविवारी नव्हे तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, वृद्धांना घरून आणून एकत्र बसवावे. वंदना व्हावी, गप्पा व्हाव्यात, पिठलं-भाकरी व्हावी. एकटेपणा हाही आजार आहे आणि त्यावर आमच्या औषधपेटीत गोळी नाही.

तीन. पुढील जयंतीला शाल-पुष्पगुच्छाचा खर्च बंद करावा. त्या रकमेतून ज्यांना मदत मंजूर व्हायची आहे, त्यांच्या न्हाणीघरात आधाराचे दांडे, घसरू न देणारे पायपुसणे आणि गळ्यात घालण्याची आपत्कालीन घंटा यांची सोय करावी. ऑस्ट्रेलियात इजेमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे सर्वांत मोठे कारण पडणे हेच आहे. दीड हात लांबीचा एक दांडा आमच्या आईंचे मनगट वाचवू शकला असता.

ज्या पिढीने अनवाणी चालून आपल्याला शाळेत धाडले, फाटके नेसून आपली फी भरली आणि म्हातारपणी आपला गाव, आपली भाषा, आपली माणसे सोडून ती केवळ आपल्यासाठी समुद्रापार आली, तिला आपण सन्मान दिला; आता आधार द्यावयाचा आहे. आमच्या आई आता आठवड्यातून तीन दिवस आंघोळ करतात, गोळी रोज घेतात आणि दुपारी पोटभर पाणी पितात. मदतीला येणारी नेपाळी मुलगी त्यांना ‘आमा’ म्हणते. परवा त्यांनी तिला चहा करून दिला, आणि या वेळी ओट्याला धरून चहा करीत असताना ती मुलगी शेजारी उभी होती.

वाचकहो, ही स्मरणिका मिटून ठेवण्यापूर्वी शेजारच्या खोलीत जा आणि आईला विचारा, ‘दुपारी पाणी पितेस ना?’ उत्तर ‘हो’ आले, तरी थोडा वेळ तेथे बसा.

जयभीम! नमो बुद्धाय!